घरात कोणाचा तोल जायला लागला तर: लहान मेंदू कसा तपासायचा, कधी पळायचं आणि नंतर घरी काय करायचं

मी डॉक्टर नाहीये, अकाउंट्समध्ये आहे, ठाण्याला नौपाड्यात राहतो. पण गेल्या वर्षभरात लहान मेंदू या एका विषयावर इतकं ऐकलंय, वाचलंय आणि डॉक्टरांच्या डोक्याशी बसून विचारलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू, दर वेळी कोणीतरी नातेवाईक फोन करून विचारतो आणि मी तेच तेच सांगत बसतो.

सुरुवात भाकरीपासून. रविवार होता, आई ओट्याशी भाकऱ्या करत होती आणि एक भाकरी तव्यावर टाकताना अर्धी तव्यावर, अर्धी बर्नरवर. मी हसलो. खरंच हसलो. ती म्हणाली अरे गरगरतंय, आणि पाच मिनिटांत उलटी. मग मी व्हॉट्सॲपवर फिरणारी ती पॅरालिसिसची टेस्ट केली, हस बघू, दोन्ही हात वर कर, एक वाक्य बोल. चेहरा सरळ, हात दोन्ही वर, बोलणं पण ठीक. सगळ्यात पास. म्हणजे पित्त असणार. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे टेबलावर झोपवून बीपी बघितलं, हातापायाची ताकद बघितली, कानाचा त्रास आहे म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी बाथरूमला जायला उठली आणि डावीकडे जी कलंडली ती थेट कपाटावर. रात्री मोठ्या हॉस्पिटलमध्ये, एमआरआय, लहान मेंदूच्या डाव्या बाजूला खालच्या भागात रक्तपुरवठा बंद झालेला, म्हणजे स्ट्रोक. बीपीच्या गोळ्या तिने दहा दिवस बंद ठेवल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. ते आम्हाला तेव्हा कळलं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट कळली आणि ती आधी कळली असती तर अख्खा दिवस वाचला असता. लहान मेंदू बिघडला की ताकद जात नाही, माप जातं. आणि आपण सगळे, दवाखान्यातले पण, ताकदच तपासत बसतो. झोपलेल्या माणसाचं माप कसं कळणार? त्याला बसवा, उभं करा, चालवा.

आता हा लहान मेंदू आहे कुठे ते बघू. डोक्याच्या मागे हात न्या, मानेच्या वर कवटीला एक छोटं टेंगूळ लागतं बघा, त्याच्या खालच्या अंगाला आत तो बसलेला असतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अनुमस्तिष्क म्हणून होता तोच, आपण एका मार्काला पाठ केला आणि विसरलो. वजन साधारण १५० ग्रॅम, अख्ख्या मेंदूच्या दहा टक्के वगैरे जागा. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या तेव्हा पूर्ण मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज न्यूरॉनपैकी ६९ अब्ज या एवढ्याशा तुकड्यात निघाले! घड्याच इतक्या बारीक असतात. कोबी उभा चिरलात तर आत जसं पांढरं झाड दिसतं ना फांद्याफांद्यांचं, लहान मेंदू कापल्यावर हुबेहूब तसंच दिसतं, डॉक्टर लोक त्याला आर्बर व्हिटे म्हणतात म्हणजे जीवनवृक्ष.

भाग लक्षात ठेवायचे तर तीनच पुरे. मधोमध उभा पट्टा असतो, व्हर्मिस, तो धड आणि चालणं सांभाळतो. दोन्ही बाजूंचे गोळे हातपाय आणि बोलणं सांभाळतात. आणि खाली एक चिमुकला तुकडा, नाव फ्लॉक्युलोनोड्युलर (एकदा मोठ्याने म्हणून बघा), तो कानातल्या तोलयंत्राशी जोडलेला, डोळे आणि तोल त्याच्याकडे. मोठ्या मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते हे सगळ्यांना माहीत असतं, इथे मात्र उलट, म्हणजे सरळच, डावा लहान मेंदू डावं अंगच बघतो. म्हणून आई डावीकडे पडत होती. जाड दोऱ्यांच्या तीन जोड्यांनी, त्यांना पेडंकल म्हणतात, तो ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, बांधलेला असतो, आणि दोघांच्या मध्ये पाण्याची एक पोकळी असते. ही पोकळी विसरू नका, पुढे लागणार आहे.

काम काय करतो? मोठा मेंदू म्हणतो "हात पुढे ने, कप उचल." किती जोरात, कुठे हळू व्हायचं, कुठे थांबायचं, हा हिशोब लहान मेंदूचा. यात पर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी असतात, १८३७ साली पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने दाखवल्या, एकेका पेशीवर लाखाच्या वर जोडण्या येतात आणि एवढं सगळं ऐकून घेऊन ती पेशी पुढे एकच गोष्ट पाठवते, "थांब". थोडक्यात ब्रेक. वेळेवर, मोजून मारलेला. ब्रेकचा अंदाज गेला की हात कपाच्या पुढे जातो, मग मागे येतो, मग परत पुढे. तेच ते थरथरणं.

आता घरी तपासायचं कसं. एक अट आहे, माणूस उभा करताना दोघं जण दोन बाजूंना हवेत, नाहीतर तपासता तपासता खुबा मोडेल.

आधी पलंगाच्या कडेला बसवा, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर. सरळ बसता येतंय का? झुलतायत का, एका बाजूला कलंडतायत का? बसताच येत नसेल तर पुढचं काही वाचू नका, गाडी काढा. बसता आलं तर उभं करा आणि चार पावलं चालवा. पाय फाकवून चालणं, बोटीवर चालल्यासारखं, ही खूण. मग फरशीच्या रेषेवर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत चालायला सांगा, पण ऐंशीच्या आजीला हे एरवी पण जमत नसतं, तेव्हा गेल्या महिन्यात कशी चालत होती त्याच्याशी तुलना करा, तुमच्याशी नाही.

मग नाक-बोट. तुमचं बोट त्यांच्यापासून हातभर लांब धरा, त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावायचा, मग तुमच्या बोटाला, परत नाकाला, दोन्ही हातांनी वेगवेगळं. निशाणा जवळ आला की हात जास्त थरथरत असेल किंवा बोट चुकून पुढे जात असेल तर लहान मेंदूकडे बोट जातं (शब्दशः). पार्किन्सनची थरथर याच्या बरोबर उलटी, हात मांडीवर निवांत असताना होते आणि काहीतरी उचलायला गेलं की कमी होते. हा फरक माहीत असला की अर्ध्या चर्चा मिटतात.

मग मांडीवर तळहात, उलटा हात, तळहात, उलटा हात, पटापट. आपण भाकरी थापताना जशी लय लागते तशी लय लागली पाहिजे. आईचा उजवा हात व्यवस्थित, डावा दोनदा नीट आणि तिसऱ्यांदा भलतीकडेच. याला डॉक्टर जो शब्द वापरतात, डिसडायडोकोकायनेशिया, तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकएवढा लांब आहे, बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने काढला, तुम्हाला पाठ करायची गरज नाही.

डोळे बघा. तुमच्या बोटामागे डावीकडे उजवीकडे बघायला सांगा, बुबुळं झटके मारतायत का. अगदी टोकाला नेलं तर चांगल्या माणसाचे पण एकदोन झटके येतात, ते सोडून द्या. आणि बोलणं, "कच्चा पापड पक्का पापड" म्हणायला लावा, शब्द तुटक तुटक, दारू प्यायल्यासारखे, काही अक्षरं उगाच जोरात, असं येत असेल तर नोंद करा.

डोळे मिटून उभं राहायची टेस्ट पण सगळे करतात आणि चुकीचा अर्थ लावतात. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटल्यावर धाडकन, तर ते बहुतेक नसा, मणका किंवा कानाकडचं, व्हिटॅमिन बी-१२ कमी असलं तरी असं होतं. लहान मेंदूवाला माणूस डोळे उघडे असताना पण झुलतोच.

हे सगळं मोबाईलवर व्हिडिओ करा, पाय दिसतील असं. मी तोंडी दहा मिनिटं जे सांगत होतो ते न्यूरॉलॉजिस्टनी व्हिडिओत वीस सेकंदात बघितलं.

कान की मेंदू, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. कुशीवर वळलं की गरगरतं, एका मिनिटाच्या आत थांबतं, मधल्या वेळात माणूस ठणठणीत, तर ते बहुतेक कानातल्या खड्यांचं, त्याला मान फिरवायचे व्यायाम असतात आणि ते मस्त काम करतात. पण गरगर थांबतच नाही, आणि आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, किंवा सोबत डोक्याच्या मागच्या बाजूला नवीनच दुखणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका, तोंड किंवा अंगाचा एक भाग बधिर, यातलं एक जरी असेल तर मेंदू समजूनच निघायचं, चूक निघाली तर चांगलंच आहे.

निघताना वेळ लिहून घ्या. "शेवटचे ठीक कधी होते" हा पहिला प्रश्न असतो, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि माणूस झोपेतून उठतानाच गरगरत उठला तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून मोजतात. आणि कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हे आजच ठरवून ठेवा, रविवारी रात्री पण एमआरआय चालू असतो का आणि न्यूरॉलॉजिस्ट येतात का हे फोन करून विचारून ठेवा, माजिवड्याला सिग्नलला उभं राहून गूगलवर शोधायची ही गोष्ट नाही. गाडी नसेल तर १०८.

सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून मिठी मारून घरी येऊ नका. सीटी रक्तस्राव चांगला पकडतो, पण लहान मेंदू जाड हाडांच्या कपारीत बसलेला असल्यामुळे रक्तपुरवठा बंद झाल्याचं सीटीवर बऱ्याचदा सुरुवातीला दिसतच नाही. एमआरआय बरा, पण पहिल्या एकदोन दिवसांत तो पण कधी कधी चुकतो. माणूस उभा राहू शकत नाहीये हेच जास्त खरं.

आणि ती पाण्याची पोकळी. लहान मेंदूत असा स्ट्रोक झाला की दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सूज वाढते, जागा बंदिस्त, मग पोकळी दाबली जाते, मेंदूतलं पाणी तुंबतं, ब्रेनस्टेमवर दाब येतो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आई "छान झोपली होती". माझी मावशी म्हणाली झोपू दे गं बाई, दमलीये. नर्सने हाक मारली, चिमटा काढला आणि धावत गेली. परत स्कॅन, सर्जनना बोलावून ठेवलेलं, नशिबाने सूज तेवढ्यावरच थांबली, नाहीतर मागचं हाड काढून जागा करून द्यावी लागते. तेव्हा त्या दिवसांत पेशंट जास्त झोपाळू वाटला तर ती विश्रांती समजू नका, लगेच सांगा.

प्रत्येक वेळी स्ट्रोकच असतो असं नाही. किती वेगात झालं त्यावरून खूप कळतं. मिनिटांत झालं तर रक्तवाहिनी. काही दिवस, आठवडे लागले तर औषधं, इन्फेक्शन, गाठ, व्हिटॅमिन. वर्षानुवर्षं हळूहळू, तर दारू, झीज किंवा जीन्स.

औषधांचं उदाहरण आमच्याच वरच्या मजल्यावर आहे. काका वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले, फिटच्या गोळ्या बरीच वर्षं चालू, फेनिटॉइन. मध्ये डोस थोडा वाढवला आणि दोनेक महिन्यांत काका लिफ्टपासून दरवाज्यापर्यंत भिंतीला हात लावत जायला लागले, बोलणं जड. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं, काका घ्यायला लागले. माळकरी माणूस हो! रक्तातली लेव्हल तपासली तर प्रचंड वाढलेली. या औषधाची गंमत अशी की एका मर्यादेनंतर लिव्हरला ते झेपत नाही, मग डोस जरासा वाढवला तरी लेव्हल एकदम उसळते. डॉक्टरांनी डोस कमी केला, काका सुधारले. बरेच दिवस तसंच राहिलं असतं तर झीज कायमची पण होऊ शकते. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, मग फिट येते. लिथियमने (मानसिक आजारावरची गोळी) पण असंच होतं.

दारूबद्दल, व्हर्मिसचा पुढचा भाग झिजतो, त्यामुळे पाय लटपटतात आणि हात त्या मानाने ठीक राहतात, आणि हे दारू उतरल्यावर सकाळी पण असतं. सोडली तर निदान पुढे वाढत नाही. दारूवाल्याचा तोल आणि डोक्यातला गोंधळ दोन्ही एकदम वाढले, किंवा डोळे फिरेनासे झाले, तर व्हिटॅमिन बी-१ कमी पडल्याची इमर्जन्सी असू शकते, न्या.

लहान मुलांमध्ये कांजिण्यांनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत मूल झोकांड्या खायला लागतं, डॉक्टरांना दाखवायचंच, पण बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात. मात्र सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलटी, आणि चालताना तोल, हे तिन्ही एकत्र असेल तर शाळेचं टेन्शन वगैरे म्हणत बसू नका, एमआरआय करा. मुलांमधल्या मेंदूच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा नेहमी दिसणारी आणि ती लहान मेंदूतच होते.

जीन्सवाल्या आजारांना ॲटॅक्सिया म्हणतात, म्हणजे तसा तो शब्द तोल-माप जाण्याला एकूणच आहे. स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सियाचे चाळीसच्या वर प्रकार सापडलेत, आईबाबांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी, आणि काही प्रकारांत पुढच्या पिढीत लवकर वयात सुरू होतो. १२ नंबरचा प्रकार भारतात जास्त दिसतो, त्यात सुरुवात हाताच्या थरथरीने होते. फ्रीडराइख ॲटॅक्सिया, १८६३ मध्ये पहिल्यांदा लिहिला गेला, तो साधारण पंचविशीच्या आत सुरू होतो, आईबाबा दोघांकडून एकेक बिघडलेला जीन यावा लागतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नं होतात अशा घरात त्याची शक्यता वाढते. त्यात हृदयावर पण परिणाम होतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. त्यावर २०२३ मध्ये अमेरिकेत एका औषधाला मान्यता मिळालीये, ओमाव्हेलोक्सोलोन, आजार मुळापासून जात नाही, वेग कमी होतो. टेस्ट करायच्या आधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या, आणि ठणठणीत मुलांच्या टेस्ट उत्साहाने करून आणू नका, तो रिपोर्ट घेऊन त्यांना पुढे जगायचं असतं.

एक गोष्ट मात्र हक्काने विचारा, "यात बरं होण्यासारखं काही आहे का?" व्हिटॅमिन ई, बी-१२, थायरॉइड, ग्लुटेनच्या अँटीबॉडी, चालू गोळ्यांची यादी. ही कारणं थोडी असतात पण सापडली तर सोन्यासारखी.

आता घरी आल्यावर. लहान मेंदू सरावाने शिकतो, आणि उरलेला भाग पण सरावानेच सांभाळून घेतो, म्हणून फिजिओ आठवड्यातून दोनदा येऊन भागत नाही, रोज थोडं थोडं लागतं. बाथरूममध्ये दांडा बसवा, भिंतीत ड्रिल करून, व्हॅक्यूमवाले चिकटवायचे दांडे आणू नका, आमचा तिसऱ्या दिवशी हातात आला. दारातली पायपुसणी सगळी उचला. चप्पल बंद, मागे पट्टा असलेली हवी. कप अर्धाच भरा, थोडा जड असेल तर बरा, आईला पितळेचा जुना पेला सगळ्यात सोपा जातो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. रिक्षात मधोमध बसवा आणि आत शिरताना आधी बसायचं, मग पाय आत. चालायला आम्ही तलावपाळीला सकाळी सहाला न्यायचो, सातनंतर तिथे इतकी गर्दी की चांगल्या माणसाचा तोल जाईल.

अजून एक, जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आई चिडचिडी झाली, दूधवाल्याचा हिशोब चुकायला लागला, एक काम अर्धवट टाकून दुसरं. आम्हाला वाटलं आजारपणाने हट्टी झाली. १९९८ मध्ये श्माह्मान नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी हे नीट मांडलंय की लहान मेंदू विचारांची आखणी आणि भावना यांचं पण माप ठेवतो. हे कळल्यावर घरातली निम्मी भांडणं बंद झाली. निम्मी आधीपासूनची आहेत.

फिजिओवाल्या ताईंनी दोन महिन्यांनी विचारलं, रोज काय करायचात हाताने? आई म्हणाली भाकरी. तर गृहपाठ तोच, आधी परातीत नुसतं पीठ मळणं, मग छोटी भाकरी, मग मोठी, डाव्या हाताने फिरवत. कडा एका बाजूने अजून जाड येतात. गॅसजवळ मात्र आम्ही तिला एकटीला सोडत नाही, थापते ती आणि तव्यावर टाकतो मी, आणि माझी दर रविवारी अर्धी बर्नरवर जाते.